संत ऑगस्टीन आणि उत्पत्तीची पहिली पाने

दरवर्षी २७ ऑगस्टला आपण संत मोनिका यांचा आणि दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, त्यांचे पुत्र संत ऑगस्टीन यांचा सण पाळतो. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी पहिल्याच संध्याकाळी आपण संत ऑगस्टीन यांचे पुत्र, म्हणजे त्यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे सदस्य आहोत, असे सांगितले आणि हे नाव पुन्हा सर्वांच्या ओठी आले. मोनिकाच्या अश्रूंची कथा आपल्या माताभगिनींना पाठ आहे. मुलगा वाया गेला, आईने वर्षानुवर्षे रडून प्रार्थना केली, मुलगा परत आला. प्रवचनात कथा बहुधा इथेच थांबते. पण मुलगा गेला कशामुळे? तारुण्य होते, संगत होती, हे खरेच. त्याशिवाय आणखी एक कारण होते, ते म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकाची पहिली पाने.

हे आज लिहिण्यास निमित्त आपल्या वऱ्हाडचेच आहे. मोर्शी तालुक्यातील सालबर्डी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मध्य प्रदेशच्या सीमेवरचे हे गाव महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. त्याच परिसरातील खडकांत डायनासोरचे जीवाश्म सापडले आहेत, आणि भूशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर निबंध लिहिले आहेत. आपली काळी कपाशीची जमीन ज्या खडकाची झाली, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हे जीवाश्म त्याच्याही खालच्या थरातले. अमरावती-अकोल्याच्या कॉलेजात शिकणारा आपला मुलगा हे सारे वाचतो आणि रविवारी चर्चमध्ये सहा दिवसांच्या निर्मितीचे वाचन ऐकतो. घरी येऊन तो विचारतो की यातले खरे काय. काही घरांत त्याला सांगितले जाते की देवाच्या वचनावर शंका घेऊ नकोस. तो गप्प बसतो. पुढे काही वर्षांनी तो मिस्साला यायचाही थांबतो, आणि आपण शहराच्या हवेला दोष देतो.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या लहान गावी झाला. आज ते गाव अल्जीरिया देशात आहे. वडील पॅट्रिशियस बेताच्या परिस्थितीचे, ख्रिस्ती नसलेले; आई श्रद्धावंत ख्रिस्ती. मुलगा हुशार, म्हणून त्याला कार्थेज शहरी शिकायला पाठवले. तिथे तो एका स्त्रीबरोबर राहू लागला आणि त्यांना अदेओदातुस हा मुलगा झाला. त्या स्त्रीचे नाव त्याने पुढे कुठेही लिहिले नाही, ही गोष्ट आम्हाला नेहमी खटकते. एकोणिसाव्या वर्षी रोमन पंडित सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्याच्या मनात सत्याची ओढ जागी झाली. आईचा धर्म आठवून त्याने बायबल उघडले आणि लगेच मिटले. सिसेरोच्या डौलदार भाषेपुढे ते त्याला गावंढळ वाटले.

याच वेळी त्याला मानी पंथाचे लोक भेटले. तिसऱ्या शतकात पर्शियात मानी नावाचा पुरुष होऊन गेला, त्याचा हा पंथ. प्रकाश आणि अंधार या दोन शक्तींचे युद्ध म्हणजे हे जग, असे ते मानीत. जुना करार त्यांना मान्य नव्हता. त्याची ते टर उडवीत. सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर पहिले तीन दिवस कसले? माणूस देवाच्या प्रतिमेचा, तर देवाला नाक आणि नखे आहेत काय? सातव्या दिवशी देव दमला होता का? आणि जग करण्याआधी तो काय करीत बसला होता? ऑगस्टीनपाशी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. लहानपणी धर्माविषयी खोलात विचारायला आपण भीत होतो, असे त्यांनी नंतर लिहिले आहे. मानी पंथाचे लोक मात्र सांगत, आमच्याकडे आधी समजून घ्या, मग विश्वास ठेवा. या आश्वासनावर हा बुद्धिमान तरुण सुमारे नऊ वर्षे त्यांच्यात राहिला.

गंमत अशी की पुढे त्यांचीच पोथी त्यांच्यावर उलटली. मानीच्या ग्रंथांत सूर्य, चंद्र, ग्रहणे यांविषयी पुष्कळ मजकूर होता आणि तो शब्दशः खरा मानावा लागे. ऑगस्टीनने ज्योतिर्विदांचे ग्रंथ वाचले होते. ते ग्रहणाचा दिवस आणि घटका आधी सांगत आणि ग्रहण तसेच लागे. मानीच्या मजकुराशी त्याचा काही मेळ बसेना. पंथाचे मोठे आचार्य फाउस्टुस येतील तेव्हा सारे उलगडेल, असे त्याला सांगण्यात आले. फाउस्टुस आले. बोलण्यात गोड, मनाने चांगले. पण या प्रश्नांचे उत्तर त्यांच्यापाशीही नव्हते, आणि त्यांनी ते प्रांजळपणे मान्य केले. ऑगस्टीनचा त्या पंथावरचा विश्वास उडाला. धर्माचा अधिकारी माणूस आकाशाविषयी चुकीचे बोलू लागला की ऐकणाऱ्याच्या मनाचे काय होते, हे त्याने स्वतः अनुभवले होते. पुढच्या लेखनात हा अनुभव आपल्याला पुन्हा भेटेल.

३८४ साली तो इटलीतील मिलान शहरी वक्तृत्वाचा प्राध्यापक झाला. तिथले बिशप होते संत अॅम्ब्रोज. भाषण कसे करतात ते पाहायला म्हणून तो चर्चमध्ये जाऊ लागला. अॅम्ब्रोज जुन्या करारातील प्रसंग घेऊन त्यांचा आध्यात्मिक अर्थ उलगडून दाखवीत. देवाचा हात म्हणजे हाडामांसाचा हात नव्हे, त्याचे सामर्थ्य. देवाची प्रतिमा माणसाच्या नाकाडोळ्यांत नव्हे, त्याच्या आत्म्यात. ऑगस्टीनला धक्का बसला. ज्या श्रद्धेची आपण इतकी वर्षे थट्टा केली, ती चर्चची श्रद्धा नव्हतीच. आपणच तिला तसे समजत होतो! ३८६ साली बागेतील तो प्रसिद्ध प्रसंग घडला. लहान मुलाच्या आवाजात उचलून वाचण्याचे शब्द त्याच्या कानी आले, आणि संत पौलाचे रोमकरांस पत्र उघडताच त्याची उरलेली ओढाताण संपली. ३८७ च्या पास्काच्या रात्री अॅम्ब्रोज यांनी त्याला स्नानसंस्कार दिला. सोबत मुलगा अदेओदातुसही होता. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर मोनिकाने रोमजवळच्या ओस्तिया बंदरात डोळे मिटले. आफ्रिकेत परतल्यावर थोड्याच काळात मुलगाही गेला.

थागास्तेला परतून ऑगस्टीन यांनी मानी पंथाच्या थट्टेला उत्तर देणारे पुस्तक लिहिले. विषय उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय. त्यात बहुतेक ठिकाणी त्यांनी अॅम्ब्रोज यांच्याप्रमाणे लाक्षणिक अर्थ घेतला. काम भागले, पण त्यांचे समाधान झाले नाही. प्रत्येक अवघड ओळीला रूपक म्हणून बाजूला ठेवले, तर मग लिहिणाऱ्याला खरोखर घडलेले काय सांगायचे होते, हा प्रश्न उरतोच. दरम्यान हिप्पो शहरी लोकांनी त्यांना भर चर्चमध्ये धरून धर्मगुरू व्हायला लावले. ते रडत होते. ३९३ च्या सुमारास त्यांनी शब्दांचा सरळ अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आणि तो अर्ध्यावर सोडला. ते लिखाण नष्ट करावे असे त्यांच्या मनात होते. सुदैवाने त्यांनी ते ठेवले.

बिशप झाल्यावर लिहिलेल्या आत्मकथनात ते पुन्हा याच पानावर आले. जग करण्याआधी देव काय करीत होता, या प्रश्नाला त्यांच्या काळी एक विनोदी उत्तर प्रचलित होते, की असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी तो नरक तयार करीत होता. ऑगस्टीन यांनी हे उत्तर नाकारले. प्रामाणिक प्रश्नाची थट्टा करण्यापेक्षा उत्तर माहीत नाही असे सांगणे त्यांना बरे वाटे. मग त्यांनी आपले उत्तर दिले. काळ हीसुद्धा देवाची निर्मिती आहे. जगाआधी काळच नव्हता, तर आधी या शब्दाला अर्थ काय? बेल्जियमचे धर्मगुरू फादर जॉर्ज लमेत्र यांनी विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली मांडले, त्याच्या पंधरा शतके आधीची ही गोष्ट.

४०१ च्या सुमारास त्यांनी उत्पत्तीवरचा मोठा ग्रंथ हाती घेतला. बारा भागांचा हा ग्रंथ पुरा व्हायला सुमारे चौदा वर्षे लागली. ग्रंथाच्या नावातच शब्दशः अर्थ असे म्हटले आहे, पण त्यांचा शब्दशः अर्थ आपण समजतो तसा नाही. लेखकाला काय सांगायचे होते, ते त्यांना हवे होते. दिवस म्हणजे चोवीस तास, हे त्यांना पटत नव्हते. सूर्य नाही तर संध्याकाळ कसली? शिवाय एका देशात रात्र असते तेव्हा दुसऱ्या देशात दिवस असतो, हे त्यांना ठाऊक होते. अकोल्यात दिवेलागण होते तेव्हा अमेरिकेत उजाडत असते, मग निर्मितीची संध्याकाळ कुठली धरायची? त्यांचे मत असे झाले की देवाने सर्व काही एकाच क्षणी निर्माण केले. सहा दिवस हा घड्याळाचा हिशेब नाही, आपल्याला समजावे म्हणून लावलेला क्रम आहे.

मग झाडे, प्राणी हळूहळू कसे दिसू लागले? त्यांनी बीजाचा दृष्टान्त घेतला. आपल्या शेतकऱ्याला तो वेगळा समजावून सांगायला नको. मृगात पेरलेल्या सरकीच्या दाण्यात पऱ्हाटी, पाती, बोंड, कापूस काहीच दिसत नाही, तरी सारे त्यात असते आणि आपापल्या वेळी बाहेर येते. तसे देवाने जगात पुढच्या सर्व गोष्टींची कारणे पेरून ठेवली. काही लेखक एवढ्यावरून ऑगस्टीन यांना डार्विनचे पूर्वज ठरवतात. आम्हाला ते ओढूनताणून वाटते. एका जातीपासून दुसरी जात झाली असे त्यांनी म्हटलेले नाही. माणूस निर्माण होऊन सहा हजार वर्षेही झाली नाहीत असे ते मानीत, आणि आदाम त्यांच्या मते खराखुरा माणूस होता. त्यांना हिब्रू येत नव्हते. सर्व एकाच वेळी निर्माण झाले, या मताला त्यांनी बेनसिराच्या पुस्तकातील ज्या ओळीचा आधार घेतला, तिथे लॅटिन भाषांतर मुळापासून थोडे सरकलेले होते.

त्यांचे मत चुकले तरी त्यांची रीत टिकली. याच ग्रंथाच्या पहिल्या भागात त्यांनी ख्रिस्ती लोकांना खडसावले आहे. पृथ्वी, आकाश, ताऱ्यांची गती, ग्रहणे, प्राणी, वनस्पती, दगड यांविषयी ख्रिस्ती नसलेल्यांनाही निरीक्षणाने खात्रीचे ज्ञान असते. अशा माणसापुढे एखादा ख्रिस्ती बायबलच्या नावाने भलतेच बोलला, तर ऐकणारा हसतो. त्या एकट्याचे हसे झाले तर बिघडत नाही. पण ऐकणाऱ्याला वाटते की आपले पवित्र लेखकच असे अडाणी होते. मग मृतांचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांविषयी तो त्यांच्यावर विश्वास कसा ठेवील? फाउस्टुसपुढे बसलेला तरुण इथे बोलतो आहे. आकाश गोल आहे की छतासारखे, या वादाविषयी त्यांनी लिहिले की पवित्र आत्म्याला बायबलमधून तारणाला उपयोगी तेवढेच शिकवायचे होते. आणि जिथे ओळीचे अनेक अर्थ निघू शकतात, तिथे एकाच अर्थाला हट्टाने चिकटू नये. उद्या तो खोटा ठरला तर आपण आपल्या मतासाठी भांडत होतो, वचनासाठी नव्हे, हे उघडे पडेल.

म्हातारपणी त्यांनी आपले सर्व ग्रंथ पुन्हा तपासले. या ग्रंथाविषयी त्यांनी नोंदवले की त्यात उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त आहेत, आणि जी उत्तरे आहेत त्यांतली थोडीच पक्की आहेत. ४३० साली वांडाल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. आजारी ऑगस्टीन यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून बिछान्याशेजारच्या भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचत २८ ऑगस्टला प्राण सोडला. ग्रंथसंग्रह जपून ठेवा, असे त्यांनी सांगून ठेवले होते.

तो जपलेला ग्रंथ १६१५ साली गॅलिलिओने तोस्कानाच्या राजमाता क्रिस्तिना यांना लिहिलेल्या पत्रात वारंवार आधाराला घेतला. रोमने तरीही मार्च १६१६ मध्ये पृथ्वी फिरते या मताविरुद्ध हुकूम काढला. त्याच वर्षी आपल्याकडे गोव्यात, रायतूर येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले आणि निर्मितीची कथा मराठी ओवीत आली. गॅलिलिओच्या बाबतीत धर्मपंडितांची चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली मान्य केले. मधल्या काळात पोप लिओ तेरावे यांनी १८९३ च्या परिपत्रकात ऑगस्टीन यांचेच म्हणणे पुढे ठेवले, १९०९ साली बायबल आयोगाने उत्पत्तीतील दिवस म्हणजे दीर्घ काळ असाही अर्थ घेता येईल असे कळवले, आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लेखकाचा हेतू आणि लेखनाचा प्रकार पाहून बायबल वाचावे असे शिकवले.

या आठवड्यात घरी उत्पत्तीचा पहिला आणि दुसरा अध्याय मुलांसह सलग वाचून पाहावा. पहिल्यात प्राणी आधी आणि माणूस शेवटी आहे. दुसऱ्यात माणूस आधी आणि प्राणी नंतर. मुले विचारतीलच. ऑगस्टीन यांनी बारापैकी पाचवा आणि सहावा भाग याच जागेवर खर्च केला.