धीरूभाई अंबानी

धीरजलाल हिराचंद अंबानी ऊर्फ धीरूभाई अंबानी (२८ डिसेंबर १९३२, चोरवाड, गुजरात – ६ जुलै २००२, मुंबई) हे भारतीय उद्योजक आणि रिलायन्स उद्योगसमूहाचे संस्थापक होते. पुढे त्यांचे नाव तेलशुद्धीकरण आणि पेट्रोरसायनांशी जोडले गेले असले, तरी त्यांच्या उद्योगाचा पाया कृत्रिम सुताच्या, विशेषतः नायलॉन व पॉलिएस्टरच्या, व्यापारात होता. हा व्यापार त्यांनी दक्षिण मुंबईतील मशीद बंदर, पायधुनी आणि भुलेश्वर या भागांतून उभा केला.

प्रारंभिक जीवन

धीरूभाईंचा जन्म जुनागढ संस्थानातील चोरवाड या समुद्रकाठच्या गावी मोढ वणिक कुटुंबात झाला. वडील हिराचंद हे शाळाशिक्षक होते. घरची परिस्थिती बेताची असल्याने मॅट्रिकनंतर शिक्षण थांबवून ते एडनला गेले आणि ए. बेस आणि कंपनी या व्यापारी पेढीत नोकरीला लागले. ही पेढी शेल कंपनीच्या तेल-उत्पादनांची वितरक होती. तेथील बाजारात त्यांनी हिशेब, मालवाहतूक आणि चलनांच्या दरांतील फरक यांचा अनुभव घेतला. येमेनी रियालची चांदीची नाणी वितळवून नफा मिळवल्याची कथा त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. कोकिलाबेन यांच्याशी विवाह झाल्यानंतर थोरले पुत्र मुकेश यांचा जन्म १९५७ मध्ये एडन येथेच झाला.

मुंबईतील सुताचा व्यापार

१९५८ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी नातलग चंपकलाल दमाणी यांच्या भागीदारीत सुमारे १५ हजार रुपयांच्या भांडवलावर व्यापार सुरू केला. रिलायन्स कमर्शियल कॉर्पोरेशनची पेढी मशीद बंदर येथील नरसीनाथा रस्त्यावर सुमारे ३५० चौरस फुटांच्या खोलीत होती. सामान म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक दूरध्वनी. कुटुंब भुलेश्वरच्या जय हिंद इस्टेट या चाळवजा इमारतीत राहत होते. गिरगाव तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

आरंभी पेढी एडनकडे मसाल्यांची निर्यात करीत असे. पायधुनीच्या सूतबाजारात वावरताना धीरूभाईंचे लक्ष कृत्रिम धाग्याकडे वळले. परकीय चलनाच्या टंचाईमुळे त्या काळी अशा धाग्याच्या आयातीवर कडक निर्बंध होते. मात्र रेयॉनचे कापड निर्यात करणाऱ्यास त्या बदल्यात नायलॉनचा धागा आणण्याचा परवाना मिळे. परदेशी स्वस्त असलेला हा धागा देशात कितीतरी चढ्या भावाने विकला जाई, त्यामुळे निर्यातीत तोटा सोसूनही एकूण व्यवहार फायद्याचा ठरे. १९७१ मध्ये आलेल्या योजनेने नायलॉनच्या कापडाच्या निर्यातीवर पॉलिएस्टर धागा आणण्याची मुभा दिली, आणि तिचा सर्वाधिक लाभ घेणाऱ्यांत रिलायन्स होती. सरकारी नियम बारकाईने वाचणे आणि तो बदलण्याआधी माल हाती ठेवणे हे त्यांचे व्यापारी कौशल्य होते. नियम त्यांच्या सोयीने बदलतात, हा टीकाकारांचा आक्षेपही येथूनच सुरू होतो.

धोका पत्करण्याच्या वृत्तीवरून मतभेद झाल्यामुळे १९६५ मध्ये दमाणी भागीदारीतून बाहेर पडले.

क्रिम्प सूत आणि नरोडा गिरणी

पॉलिएस्टरचा वितळलेला रस बारीक छिद्रांतून दाबून काढला की सरळ, गुळगुळीत तंतू मिळतो. तो मजबूत असतो. परंतु त्याचे कापड चकाकते, सपाट दिसते आणि अंगाला चिकटते. हा दोष घालवण्यासाठी धाग्याला यंत्रावर पीळ देऊन तापवतात, पिळलेल्या स्थितीतच थंड करतात आणि मग पीळ उलगडतात. उष्णतेने बसलेली वळणे धाग्यात कायम राहतात, सूत कुरळे होऊन फुगते आणि त्याला ताण येतो. बाजारात यालाच क्रिम्प सूत म्हणतात. गालिच्यांसाठी जाड नायलॉन वा पॉलिप्रॉपिलीन धाग्याला तप्त हवेच्या किंवा वाफेच्या झोताने अशीच वळणे देतात. पायाखाली दबलेला गालिचा पुन्हा उभारी धरतो तो त्यांच्यामुळे. साडी, शर्टिंग आणि सुटिंगसाठी बारीक पॉलिएस्टर लागते, पण तत्त्व तेच.

१९६६ मध्ये धीरूभाईंनी अहमदाबादजवळ नरोडा येथे कापडगिरणी काढली. तिचा कारभार थोरले बंधू रमणिकभाई पाहत. त्यांच्या मुलाच्या नावावरून कापडाला विमल हे नाव देण्यात आले. या गिरणीत विणकामाबरोबर सुताला क्रिम्प देण्याची यंत्रेही बसवली गेली, त्यामुळे आयात केलेल्या सपाट धाग्यापासून तयार कापडापर्यंतची साखळी एका हाती आली. घाऊक कापडबाजारातील जुने व्यापारी नव्या मालाला दाद देईनात, तेव्हा धीरूभाईंनी गावोगावी स्वतःची विमल दुकाने उघडली.

१९७७ मध्ये कंपनीने प्रथमच जनतेला भाग विक्रीस काढले. प्रत्येकी १० रुपयांचे सुमारे २८ लाख समभाग ५८ हजार गुंतवणूकदारांनी घेतले. त्यांतील अनेकांनी यापूर्वी कधी समभाग पाहिलाही नव्हता. पुढे वार्षिक सभेला सभागृह अपुरे पडू लागले आणि १९८५ ची सभा कूपरेज मैदानावर घ्यावी लागली. याआधी १९८२ मध्ये कलकत्त्याच्या काही दलालांनी हाती नसलेले समभाग विकून भाव पाडण्याचा प्रयत्न केला होता. रिलायन्सच्या पाठिराख्यांनी ते खरेदी करून प्रत्यक्ष समभागांची मागणी केली आणि मुंबई शेअर बाजार तीन दिवस बंद राहिला.

पाताळगंगा आणि गिरणगाव

कापडाचा मालक असूनही धाग्यासाठी परदेशावर अवलंबून राहणे धीरूभाईंना मान्य नव्हते. रायगड जिल्ह्यातील रसायनी परिसरात, पाताळगंगा नदीजवळ, अमेरिकेच्या ड्यू पाँ कंपनीच्या तंत्रज्ञानाने वर्षाला १० हजार टन पॉलिएस्टर धागा काढणारा कारखाना त्यांनी उभारला. तो १९८२ च्या अखेरीस सुरू झाला.

त्याच वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. परळ, लालबाग, दादर-नायगाव येथील सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाचे कारण पॉलिएस्टर नव्हते. वेतन, बोनस, बदली कामगारांचे प्रश्न आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाची एकाधिकाराची मान्यता ही त्याची कारणे होती. तरीही दोन्ही घटना एकत्र पाहिल्याशिवाय गिरणगावाची अखेर नीट कळत नाही. जुन्या गिरण्यांची यंत्रे सुती कापडासाठी होती आणि मालकांनी त्यांच्या नूतनीकरणात फारसा पैसा घातला नव्हता. कृत्रिम व मिश्र धाग्याचे कापड भिवंडी, मालेगाव आणि सुरत येथील यंत्रमागांवर कमी मजुरीत विणले जाऊ लागले होते. संपानंतर बहुतेक गिरण्या पूर्वीच्या बळाने उभ्या राहिल्याच नाहीत. पाताळगंगेच्या स्वयंचलित कारखान्याला लागणारे मनुष्यबळ गिरण्यांच्या तुलनेत नगण्य होते, आणि चाळींतल्या संपकऱ्यांना तेथे जागा असण्याचा प्रश्नच नव्हता.

गिरणमालकांपैकी धीरूभाईंशी थेट संघर्ष झाला तो बॉम्बे डाइंगचे नुस्ली वाडिया यांचा. त्यांच्या गिरण्या लोअर परळ आणि दादर-नायगाव येथे होत्या. हा वाद मात्र कापडाचा नव्हता, पॉलिएस्टरच्या कच्च्या मालाचा होता. वाडिया डीएमटी बनवीत, तर रिलायन्स पीटीए वापरत असे. मे १९८५ मध्ये सरकारने पीटीएच्या आयातीवर बंधने घातली, त्याच्या नेमके आधी रिलायन्सने मोठ्या आयातीची बँक-पत्रे उघडल्याचे उघड झाले. १९८६ पासून इंडियन एक्सप्रेसने परवान्यापेक्षा अधिक क्षमतेची यंत्रसामग्री आणल्याच्या आरोपांसह लेखमाला छापली. कंपनीने आरोप नाकारले. राजकीय नेत्यांशी असलेली जवळीक मात्र धीरूभाईंनी कधी लपवली नाही.

उत्तरायुष्य

फेब्रुवारी १९८६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजव्या हाताची हालचाल मंदावली. दैनंदिन कारभार मुकेश आणि अनिल या पुत्रांकडे गेला. जुलै १९८९ मध्ये पाताळगंगेच्या पुराने कारखाना चिखलाने भरला, तेव्हा तो २१ दिवसांत पुन्हा चालू करण्यात आला. त्यानंतर हजिरा येथील पेट्रोरसायन संकुल आणि १९९९ मध्ये जामनगरची तेलशुद्धीकरणशाळा सुरू झाली. धाग्यापासून मागे जात कच्च्या तेलापर्यंत पोहोचण्याचा क्रम असा पूर्ण झाला.

२४ जून २००२ रोजी पुन्हा झटका आल्याने त्यांना ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल करण्यात आले. ६ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मरीन लाइन्सजवळील चंदनवाडी स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मृत्युपत्र नसल्याने दोन्ही पुत्रांत वाद उद्भवला आणि २००५ मध्ये कोकिलाबेन यांच्या मध्यस्थीने समूहाची विभागणी झाली. भारत सरकारने २०१६ मध्ये धीरूभाईंना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. मणिरत्नम यांचा गुरु (२००७) हा चित्रपट त्यांच्या जीवनावर बेतल्याचे मानले जाते.