महाराष्ट्राचा बुंदेला मित्र : महाराजा छत्रसाल

शिरूर तालुक्यातील पाबळ गावी मस्तानीची कबर आहे, ही गोष्ट आपल्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. परंतु तेथे चिरनिद्रा घेणारी ती स्त्री मूळची कोठली, आणि शेकडो कोस दूरच्या प्रदेशातून भीमा व घोड नद्यांच्या या मुलखात ती कशी आली, याचा विचार फारच थोडे जण करतात. त्या साध्या कबरीमागे दोन राज्यांच्या स्नेहाचा मोठा इतिहास उभा आहे. त्या स्नेहाचे बीज ज्या पुरुषाच्या तरुणपणी पेरले गेले आणि ज्याच्या वार्धक्यात ते फळास आले, त्या बुंदेलखंडाधिपती महाराजा छत्रसालांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

यमुनेच्या दक्षिणेस विंध्याद्रीच्या डोंगरांनी व दाट अरण्यांनी व्यापलेला जो प्रदेश, त्यास बुंदेलखंड म्हणतात. तेथील बुंदेले रजपूत शूर व मानी म्हणून प्रसिद्ध होते. त्या कुळात इ. स. १६४९ च्या मे महिन्यात छत्रसालांचा जन्म झाला. त्यांचे वडील चंपतराय यांचे मोगलांशी वैर होते. वाड्यातील सुखापेक्षा रानावनातील धावपळच या बालकाच्या वाट्यास अधिक आली. १६६१ साली शत्रूने चोहोंकडून कोंडले असता, जिवंत हाती सापडण्यापेक्षा मरण बरे, असे मानून चंपतराय व त्यांची पत्नी या दोघांनीही प्राणत्याग केला. त्या वेळी छत्रसाल अवघे बारा वर्षांचे होते. आईबाप गेले, मुलूख गेला, धनही उरले नाही. वडिलांची कीर्ती तेवढी राहिली.

पोट भरण्यासाठी व शस्त्रविद्येत नाव काढण्यासाठी ते पुढे मिर्झाराजे जयसिंगांच्या सैन्यात दाखल झाले. याच सैन्याबरोबर १६६५ साली ते आपल्या पुणे प्रांती आले. पुरंदरास वेढा घालणाऱ्या मोगल फौजेत जे तरुण रजपूत होते त्यांत छत्रसालही होते. म्हणजे महाराष्ट्राची व त्यांची पहिली ओळख शत्रुत्वाच्या नात्याने झाली, हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे. पुढे देवगडच्या गोंड राज्यावरील मोहिमेत त्यांनी मोठे शौर्य गाजविले व जबर जखमा सोसल्या. परंतु त्या पराक्रमाचे चीज झाले नाही. परक्यासाठी रक्त सांडावे आणि यश मात्र दुसऱ्याने घ्यावे, ही स्थिती त्यांच्या मानी मनास असह्य झाली.

ज्या शिवाजी महाराजांविरुद्ध आपण लढावयास आलो, त्यांनीच स्वबळावर स्वराज्य उभारले आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सुमारे १६७१ मध्ये ते गुप्तपणे महाराजांच्या भेटीस गेले व त्यांच्या पदरी राहण्याची इच्छा त्यांनी दर्शविली. एक शूर सरदार आयता चालून आला असता कोणत्याही राजाने त्यास ठेवून घेतले असते. परंतु शिवाजी महाराजांनी तसे केले नाही. आपल्या देशी परत जावे, तेथील लोकांस एकत्र करावे आणि आपले राज्य आपणच मिळवावे, असा उपदेश त्यांनी केला. निरोप देतेवेळी त्यांनी छत्रसालांस तलवार दिली, असेही सांगतात. लाल कवीने रचलेल्या छत्रप्रकाश या ग्रंथात या भेटीचे वर्णन आले आहे. खऱ्या मित्राचे लक्षण यात स्पष्ट दिसते. मित्रास आपला चाकर न करता त्यास स्वतःच्या पायावर उभे करणे, हीच मैत्रीची पहिली पायरी होय.

छत्रसाल स्वदेशी परतले तेव्हा त्यांच्याजवळ पाच स्वार व पंचवीस पायदळ एवढेच लोक होते, असे परंपरा सांगते. पण निश्चय दृढ असला म्हणजे अल्प साधनेही पुरतात. डोंगरी मुलखाचा आश्रय घेऊन त्यांनी मोगली ठाण्यांवर छापे घातले, हळूहळू मुलूख जिंकला आणि पन्ना ही आपली राजधानी केली. पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणी प्रसिद्धच आहेत. त्यांचे गुरू स्वामी प्राणनाथ हे प्रणामी पंथाचे थोर आचार्य होते. हिंदूंच्या व मुसलमानांच्या धर्मग्रंथांत एकाच परमेश्वराची ओळख आहे, अशी त्यांची शिकवण होती. छत्रसालांनी विद्वानांचा व कवींचाही आदर केला. ज्या भूषण कवीने शिवाजी महाराजांचे यश गायिले, त्याच कवीने छत्रसालांचेही गुणवर्णन केले. अशा रीतीने कवीच्या वाणीने हे दोन प्रदेश राजकारणाच्याही आधी जोडले गेले होते.

अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. शिवाजी महाराज गेले, औरंगजेब गेला, महाराष्ट्रात शाहू महाराजांचे राज्य सुरू झाले. छत्रसाल ऐंशीच्या घरात पोचले. अशा वेळी अलाहाबादचा सुभेदार महंमदखान बंगश याने प्रचंड फौजेनिशी बुंदेलखंडावर चाल केली. वृद्ध राजा व त्याचे पुत्र शर्थीने लढले. परंतु १७२८ सालाच्या अखेरीस जैतपूरचा किल्ला पडला. आयुष्यभर कष्टाने उभारलेले राज्य डोळ्यांदेखत बुडण्याची वेळ आली. तेव्हा त्यांस दक्षिणेचे स्मरण झाले. पेशवे बाजीराव या सुमारास गढा प्रांताच्या बाजूस होते. छत्रसालांनी त्यांच्याकडे साहाय्यासाठी विनंती पाठविली. शत्रूच्या छावणीची नजर चुकवून ती पोचवावी लागली.

बाजीरावांचे वय त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. विनंती येताच त्यांनी विलंब न लावता फौज वळविली आणि १७२९ च्या मार्च महिन्यात ते महोब्यापाशी येऊन ठेपले. तेथे त्या दोघांची भेट झाली. पुढे मराठ्यांनी व बुंदेल्यांनी मिळून बंगशास जैतपुरात कोंडले आणि त्याची रसद तोडली. बापाच्या मदतीस आलेल्या कायमखानाचाही पराभव झाला. पावसाळा जवळ आल्यामुळे बाजीराव दक्षिणेकडे परतले, तरी बुंदेल्यांनी वेढा उठविला नाही. शेवटी उपासमारीने गांजलेल्या बंगशाने पुन्हा बुंदेलखंडावर न येण्याचे वचन दिले आणि आपली सुटका करून घेतली.

छत्रसालांनी हा उपकार विसरू दिला नाही. त्यांनी बाजीरावांस आपला पुत्र मानिले आणि आपल्या राज्याच्या वाटणीत हिरदेसा व जगतराज या पुत्रांच्या बरोबरीने त्यांस सुमारे एक तृतीयांश भाग दिला. सागर, काल्पी, हिरदेनगर इत्यादी ठाणी यामुळे मराठ्यांकडे आली. १७३१ च्या डिसेंबरात, वयाच्या ८२ व्या वर्षी, छत्रसालांनी देह ठेविला. मध्य प्रदेशातील छतरपूर शहर आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

या मैत्रीत केवळ भावना होती, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. बुंदेल्यांस बलिष्ठ पाठीराखा हवा होता आणि मराठ्यांस यमुनेच्या काठी पाय ठेवण्यास जागा हवी होती. सागर हे उत्तरेच्या राजकारणाचे मोठे ठाणे झाले आणि गोविंदपंत बुंदेले यांच्यासारखे कारभारी तेथे नांदले. पुढील पिढ्यांत पैशावरून व मुलखावरून मराठ्यांचे कित्येक बुंदेले राजांशी खटकेही उडाले. दोन राज्यांचा स्नेह शेतातील विहिरीसारखा असतो. एका पिढीने खणली म्हणून दुसरीने गाळ काढावयाचा नाही, असे चालत नाही.

या स्नेहाची सर्वांत मोठी किंमत मात्र राजांनी दिली नाही. ती मस्तानीने दिली. ती छत्रसालांची कन्या होती, अशी परंपरा आहे. बाजीरावांबरोबर ती पुण्यास आली, आणि पाबळ गाव तिला इनाम मिळाले. ज्या दरबाराने बुंदेलखंडाची भूमी आनंदाने स्वीकारली, त्याच दरबाराच्या लोकांनी तिकडून आलेल्या या स्त्रीस मनापासून आपली म्हटले नाही. तिला नजरकैद सोसावी लागली. १७४० च्या एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचाही अंत झाला. तिचा सहा वर्षांचा पुत्र समशेर बहादूर पोरका झाला. परंतु बाजीरावांची पत्नी काशीबाई यांनी त्याचे ममतेने पालन केले. राजकारणास जे साधले नाही ते एका मातेच्या अंतःकरणास साधले!

आणि त्या पुत्राने काय केले? १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला, घायाळ झाला आणि सुरजमल जाटाच्या मुलखात मरण पावला. पुढे त्याचा पुत्र अली बहादूर याने बुंदेलखंडात जाऊन बांदा येथील नबाबांचे घराणे स्थापिले. १८५७ च्या संग्रामात याच घराण्यातील नबाब राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्या पक्षास मिळाले. ज्यांस कोणी परके म्हटले होते, त्यांच्या वंशजांनी तीन पिढ्यांनंतरही नाते सोडले नाही.

विद्यार्थी मित्रहो, आज दौंडास आगगाडीत बसून मनमाड, इटारसी, जबलपूर या मार्गाने सतन्यास जावे आणि तेथून सडकेने पन्ना गाठावे, हे काम फार अवघड राहिलेले नाही. बाजीरावांच्या घोड्यांस जो मार्ग तुडविण्यास आठवडेच्या आठवडे लागले, तो आज दोन दिवसांत सरतो. अंतर कमी झाले खरे. पण मने जवळ आणण्याचे काम कोणतीही आगगाडी करीत नाही. ते प्रत्येक पिढीने नव्याने करावयाचे असते. छत्रसालांच्या चरित्रावरून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. संकटात असताना साहाय्य मागण्यात कमीपणा नाही. मिळालेल्या साहाय्याचे स्मरण ठेवणे हा राजाचाही धर्म आहे. आणि ज्यांच्याशी आपण मैत्री जोडली त्यांच्या माणसांस घरात घेतल्यावर दारात उभे ठेवू नये. यांतील तिसरा धडा आपल्या पूर्वजांस पुरता साधला नाही. तो साधणे आता आपल्या हाती आहे.