क्षयजंतूंना ओळख देणारे रॉबर्ट कॉख

आयुर्वेदाने ज्याला राजयक्ष्मा म्हटले आणि आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ज्याचे नाव घरात मोठ्याने उच्चारणेही टाळले, त्या क्षयरोगाचे कारण दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत कोणालाही निश्चितपणे सांगता येत नव्हते. कोणी त्याला आनुवंशिक मानीत, कोणी कोंदट हवेला दोष देत, तर कोणी रुग्णाच्या दुबळ्या प्रकृतीला. १८६५ मध्ये एका फ्रेंच लष्करी डॉक्टरने क्षयग्रस्त माणसाच्या शरीरातील द्रव्य सशांना टोचून हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे दाखविले होते. परंतु जाणारा तो कोण, हे मात्र अंधारातच राहिले. त्या अदृश्य शत्रूला प्रथम डोळ्यांसमोर उभे करणारे शास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट कॉख.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील हार्ट्स पर्वतराजीतल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाणखात्यात अधिकारी होते आणि घरात तेरा मुले. ग्यॉटिंगेन विद्यापीठात त्यांना हेन्ल यांच्यासारखे गुरू लाभले. संसर्गजन्य रोगांच्या मुळाशी सजीव घटक असले पाहिजेत, असा विचार हेन्ल यांनी पुष्कळ आधी मांडला होता. १८६६ मध्ये पदवी घेतल्यानंतर काही वर्षे भटकंतीत गेली. १८७२ पासून ते वोल्श्टाइन या लहानशा गावी (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून स्थिरावले.

दिवसभर रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात पडद्याआड थाटलेल्या घरगुती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, असा त्यांचा क्रम होता. जवळ ना मोठे ग्रंथालय, ना विद्वानांची संगत. अशा परिस्थितीत त्यांनी गुराढोरांच्या काळपुळी या रोगाच्या जंतूचे संपूर्ण जीवनचक्र उलगडले आणि १८७६ मध्ये ब्रेस्लाऊ येथे कोन या वनस्पतिशास्त्रज्ञापुढे ते सिद्ध करून दाखविले. विशिष्ट जंतूमुळेच विशिष्ट रोग होतो, याचा तो पहिला निर्विवाद पुरावा होय. १८८० मध्ये त्यांना बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात पाचारण करण्यात आले.

क्षयाचा जंतू हा मात्र अगदी वेगळ्या जातीचा प्रतिस्पर्धी होता. त्याच्याभोवती मेणासारख्या स्निग्ध द्रव्यांचे जाड आवरण असते. त्यामुळे साधे रंजक आत शिरत नाहीत, आणि रंगावाचून हा सडपातळ जंतू सूक्ष्मदर्शकाखालीही नजरेस पडत नाही. कॉख यांनी मिथिलीन ब्लू या निळ्या रंजकात अल्कली मिसळून काचपट्ट्या चोवीस तास त्यात ठेवल्या आणि नंतर तपकिरी रंजकाचा हात दिला. आजूबाजूच्या पेशी व इतर जंतू तपकिरी झाले. निळ्या राहिल्या त्या केवळ काही बारीक, किंचित वाकड्या काड्या. शत्रूने तोंड दाखविले होते!

दुसरा एखादा संशोधक येथेच थांबून विजयाची द्वाही फिरविता. कॉख थांबले नाहीत. रुग्णाच्या शरीरात एखादा जंतू सापडला, एवढ्यावरून तोच रोगाचे कारण ठरत नाही, हे ते जाणून होते. तो जंतू शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढविला पाहिजे, त्या वाढीतून निरोगी प्राण्यात तोच रोग उत्पन्न झाला पाहिजे आणि त्या प्राण्यात पुन्हा तोच जंतू सापडला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. क्षयाचा जंतू वाढतो अतिशय सावकाश. इतर जंतूंची वाढ एका दिवसात दिसते, तर याच्यासाठी आठवडे मोजावे लागतात. गोठविलेल्या रक्तरसावर, शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत त्यांनी चिकाटीने तो वाढविला आणि गिनी पिगांना टोचून रोगाची साखळी पूर्ण केली.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या शरीरक्रियाविज्ञान मंडळात कॉख यांनी हे सारे मांडले. वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. पुरावा मात्र मेजावर काचपट्ट्यांच्या रूपाने मांडलेला होता. श्रोत्यांत पॉल एर्लिख हे तरुण डॉक्टर होते. त्यांनी लवकरच या रंगपद्धतीत मोठी सुधारणा केली. एकदा रंगलेला हा जंतू तीव्र अम्लाने धुतला तरी आपला रंग सोडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्सील आणि नीलसन यांनी पुढच्या दोनेक वर्षांत ती पद्धत आणखी सोपी व भरवशाची केली: तांबडा रंजक उष्णतेने आत शिरवायचा, अम्लाने बाकी सर्व धुऊन काढायचे आणि निळी पार्श्वभूमी द्यायची. निळ्या पटावर तांबड्या काड्या उमटल्या की निदान हाती आले. अम्लाला दाद न देणाऱ्या या जंतूंना तेव्हापासून ॲसिड-फास्ट ही संज्ञा मिळाली.

नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिलेला कुष्ठरोगाचा जंतू याच कुळातला निघाला. माती व पाणी यांत राहणारे, बहुधा निरुपद्रवी असे त्याचे इतरही भाऊबंद पुढे आढळले. तेही तसेच तांबडे दिसतात. म्हणूनच केवळ रंगावर विसंबू नये, जंतू वाढवून त्याची जात पारखावी, हा कॉख यांचा दंडक प्रयोगशाळांना आजही पाळावा लागतो.

पुढच्याच वर्षी पटकीच्या शोधात ते इजिप्तमार्गे कलकत्त्यास आले आणि १८८४ च्या आरंभी तेथे त्यांनी पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. मायदेशी त्यांचे स्वागत एखाद्या विजयी सेनापतीसारखे झाले.

शत्रू ओळखू आला, पण त्याच्यावर शस्त्र सापडले नव्हते. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी यांना फेब्रुवारी १८८७ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, क्षयानेच पुण्यात गाठले. जंतूचा शोध लागून तेव्हा पाच वर्षे होत आली होती. अशा असंख्य घरांचे डोळे बर्लिनकडे लागलेले असताना १८९० मध्ये कॉख यांनी ट्युबरक्युलिन या औषधाची घोषणा केली. युरोपभरातून रुग्णांचे लोंढे बर्लिनला लोटले. परंतु औषधाची घटना गुप्त ठेवलेली होती आणि पुरावा अपुरा होता. काही महिन्यांतच फिर्खो यांनी मृत रुग्णांच्या शवविच्छेदनांतून दाखवून दिले की या औषधाने रोग हटत नाही. उलट कित्येकदा तो शरीरात पसरतो. जो दंडक कॉख यांनी साऱ्या जगाला घालून दिला, तोच स्वतःच्या औषधाला लावण्याइतका धीर त्यांना त्या वेळी धरवला नाही. त्याची किंमत आशेने आलेल्या रुग्णांनी मोजली. १९०१ मध्ये गुरांचा क्षय माणसाला जवळजवळ बाधत नाही, असे मत त्यांनी ठामपणे मांडले. पुढील तपासणीत तेही चुकीचे ठरले.

तथापि शास्त्राची थोरवी अशी की, तेथे चूकही वाया जात नाही. औषध म्हणून फसलेले ट्युबरक्युलिन क्षयाचा संसर्ग ओळखण्याची कसोटी म्हणून टिकले; १९०८ पासून मांटू यांच्या नावाने ओळखली जाणारी हातावरची चाचणी ती हीच.

प्लेगने मुंबई-पुणे हवालदिल झालेले असताना, १८९७ मध्ये, जर्मन प्लेग आयोगाबरोबर कॉख मुंबईसही येऊन गेले. १९०५ मध्ये क्षयरोगावरील संशोधनाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी बर्लिनमध्ये, त्यांच्याच नावाने चालणाऱ्या संस्थेत विसावल्या आहेत.

क्षयावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात आले. जंतूचा जनुकीय ठसा काही तासांत ओळखणारी यंत्रे आता निघाली आहेत. त्यांपैकी एक तर गोव्यातील कंपनीने तयार केले आहे. तरीही जगातील सुमारे एकचतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत, आणि २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोगदिन म्हणून पाळावा लागतो. कुठल्याशा तालुक्याच्या दवाखान्यात तंत्रज्ञ थुंकीच्या काचपट्टीवर तांबड्या काड्या शोधत बसतो, तेव्हा पाहिल्याशिवाय मानायचे नाही आणि पाहिले तरी पारखून घ्यायचे, हाच कॉख यांचा वारसा तो चालवीत असतो. कॉख यांना मोठेपण मिळाले ते या शिस्तीमुळे, आणि त्यांचा तोल गेला तोही तिला ते क्षणभर विसरले म्हणून. त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवून जाते ते एवढेच. आणि ते थोडे नाही.