साडेएकोणीस दिवसांचं उड्डाण

विमानाच्या तिकिटावर निघायची आणि पोहोचायची वेळ छापलेली असते. मधलं अंतर आपल्याला मोजावं लागत नाही. पण ते अंतर एकटीनं, टप्प्याटप्प्यानं कापणारी एक बाई मला फार जवळची वाटते. तिचं नाव एमी जॉन्सन.

एमीचा जन्म १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या शहरातला. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्ड विद्यापीठातून पदवी घेऊन ती लंडनला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली आणि फावल्या वेळात विमान शिकू लागली. १९२९ मध्ये वैमानिकाचं लायसन्स मिळालं. पण तेवढ्यावर गप्प बसेल तर ती एमी कसली! इंजिनं खोलून, हात काळे करून तिनं विमान दुरुस्तीचंही लायसन्स मिळवलं. ब्रिटनमध्ये ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

५ मे १९३० ला लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून ती एकटीच ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला निघाली. विमान जुनं, लहानसं. पैशाला वडिलांनी हातभार लावला होता. त्याआधीचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे लंडनहून माहेरी, हलला! आणि आता समोर सुमारे १७,७०० किलोमीटर.

मी सहज हिशेब मांडला. तिचं विमान ताशी साधारण १३५ किलोमीटर जायचं. म्हणजे हवेतले तास १३० च्या आसपास, जेमतेम साडेपाच दिवस. मग साडेएकोणीस दिवस का लागले? कारण टाकी लहान, ठिकठिकाणी उतरणं भाग. शिवाय दिवसभर उडून झाल्यावर रात्री इंजिनाची देखभालही तीच करायची. सहाव्या दिवशी ती कराचीला पोहोचली, तेव्हा बर्ट हिंकलर या वैमानिकाच्या १९२८ मधल्या विक्रमाच्याही पुढे होती. पुढे पेट्रोल संपत आल्यानं झाशीला लष्कराच्या मैदानावरच उतरावं लागलं. रंगूनजवळ खेळाच्या मैदानावर उतरताना विमान खड्ड्यात गेलं, पंख मोडला. दुरुस्तीत दिवस गेले आणि विक्रम हुकला. पण २४ मेला ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीनं विमान नेणारी पहिली स्त्री! २०१८ मध्ये लंडनहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला थेट विमान सुरू झालं, तेव्हा त्याला लागायचे सुमारे १७ तास.

पुढे एमीनं आणखी विक्रम केले. लग्न केलं, ते टिकलं नाही. युद्ध सुरू झाल्यावर लष्कराची विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवायचं काम तिनं पत्करलं. ५ जानेवारी १९४१ ला ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळावर निघाली. वाट दीड-एक तासाची. पण हवा फार खराब होती. चार तासांनी, वाटेपासून कितीतरी दूर, थेम्स नदीच्या मुखाशी ती पॅराशूटनं पाण्यात उतरली. तिला वाचवायला उडी घेतलेल्या नौदल अधिकाऱ्याचाही जीव गेला. एमीचा देह सापडलाच नाही. वय अवघं ३७.

अर्ध्या जगाचं अंतर पार केलेली बाई दीड तासाच्या वाटेवर गेली, हे वाचलं की मला चुटपुट लागते. पण लक्षात राहतो तो तिच्या हातातला पाना. आपली लेक स्कूटी शिकली की आपण खूश होतो. तिला प्लग साफ करायलाही शिकवू या. वाटेत गाडी बंद पडली, तर तिचं तिला पुढं जाता यायला हवं.