न्यूयॉर्कची स्ट्रॉस बाग

इसिडॉर स्ट्रॉस यांचा जन्म १८४५ साली जर्मनीत झाला. लहानपणीच ते अमेरिकेत गेले. पुढे भावाबरोबर न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाचे मालक झाले. त्यांच्या पत्नीचे नाव आयडा.

१९१२ साली दोघे टायटॅनिक बोटीने घरी निघाले. रात्री बोट हिमनगावर आपटली. म्हाताऱ्या इसिडॉरना होडीत जागा देत होते. पण बायका-पोरं मागं असताना ते काही बसले नाहीत. मग आयडाबाईपण गेल्या नाहीत. आपला गरम कोट त्यांनी कामवालीला दिला अन् नवऱ्याजवळच थांबल्या. दोघे बुडाले. कामवाली वाचली.

लोकांनी वर्गणी काढून १९१५ साली त्यांच्या घराजवळ बाग केली. तिथे पाण्याकडे बघणाऱ्या बाईचा पुतळा बसवला. आता पाण्याच्या जागी फुलझाडं आहेत. बाग छोटी, पण दोघांची माया मोठी.