मॉइना मायकलबाई आणि स्मरणाचे तांबडे फूल

वाचकहो, नोव्हेंबर महिना आपल्या घाटंजीकडे कापूस वेचणीचा. बोंडे फुटून शेते पांढरी झालेली असतात, बायाबापड्या कमरेस ओटी बांधून सकाळीच रानात जातात, आणि गावात भावावाचून दुसरी गोष्ट कानी पडत नाही. ह्याच महिन्याच्या ११ तारखेस विलायतेत व इतर कित्येक देशांत लोक छातीवर तांबडे कागदी फूल लावून लढाईत पडलेल्यांचे स्मरण करतात. ह्या फुलास पॉपी म्हणतात. स्मरणाची खूण म्हणून ते अंगावर लावण्याची चाल जिने घातली ती बाई कोणी राणी किंवा सेनापतीची पत्नी नव्हती. ती एक शाळामास्तरीण होती, आणि आपल्यासारख्याच कापसाच्या मुलखात वाढली होती.

मॉइना बेल मायकल ह्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात, गुड होप नावाच्या खेड्याजवळ झाला. त्यांच्या घरची शेती कापसाची. चारच वर्षांपूर्वी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले होते. त्याच युद्धात, १८६१ पासून १८६५ पर्यंत, अमेरिकेचा कापूस विलायतेस जाईनासा झाला व आपल्या वऱ्हाडच्या कापसास पूर्वी कधी नव्हता असा भाव आला. जॉर्जियाची मात्र धूळधाण झाली. मॉइनाबाईंचे वडील दक्षिणेच्या सैन्यात लढलेले होते. हे सैन्य गुलामगिरी राखू पाहणाऱ्या पक्षाचे होते, आणि तेथील कापूस पिढ्यानपिढ्या गुलामांच्या हातांनीच वेचला गेला होता. चरित्र लिहिणाराने ही गोष्ट झाकून ठेवू नये. मेलेल्यांचे स्मरण करताना कोणाची नावे घेतली जातात व कोणाची राहून जातात, हा प्रश्न ह्या बाईच्या फुलामागे शेवटपर्यंत लागलेला आहे.

घरची स्थिती ओढगस्तीची झाल्यामुळे मॉइनाबाईंनी लहान वयातच, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, गावच्या मुलांस शिकविण्यास आरंभ केला. पुढची तीस-बत्तीस वर्षे त्यांचे आयुष्य शाळा, वसतिगृहे व विद्यालये ह्यांतच गेले. त्यांनी लग्न केले नाही. स्वतः शिकत शिकत त्या इतरांस शिकवीत राहिल्या. अथेन्स म्हणून जॉर्जियात एक विद्येचे शहर आहे, तेथील अध्यापन विद्यालयात मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. १९१४ साली त्या यूरोपात प्रवासास गेल्या असता महायुद्ध पेटले. तेव्हा रोम येथे थांबून त्यांनी अडकून पडलेल्या आपल्या देशबांधवांस परत जाण्याच्या कामी मदत केली. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा बाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी विद्यालयातून रजा घेतली व न्यूयॉर्क शहरी वाय. एम. सी. ए. ह्या संस्थेच्या कचेरीत काम पत्करले. परदेशी सैन्यात सेवेस जाणाऱ्या कार्यकर्त्यांस तेथे शिक्षण देत असत.

आता ९ नोव्हेंबर १९१८ हा शनिवारचा दिवस. युद्ध संपण्यास दोनच दिवस उरले होते. बाईंच्या मेजावर एका तरुण शिपायाने एक मासिक ठेवले. त्यात जॉन मॅक्रे ह्या कॅनडाच्या डॉक्टराची कविता चित्रासह छापली होती. हे मॅक्रे बेल्जममध्ये फ्लँडर्स प्रांती तोफखान्याबरोबर होते. मे १९१५ मध्ये त्यांचा तरुण स्नेही हेल्मर तोफेच्या गोळ्याने मेला. पाळक जवळ नसल्यामुळे मॅक्रे ह्यांनीच मूठमातीची उपासना चालविली, व त्यानंतर थोड्याच वेळात ती कविता लिहिली. कबरांमधून उगवलेल्या तांबड्या पॉपींचे तीत वर्णन आहे. मॅक्रे स्वतः २८ जानेवारी १९१८ रोजी फ्रान्समधील लष्करी इस्पितळात न्यूमोनियाने वारले.

ही पॉपी म्हणजे आपल्या अफूची जवळची बहीण, परंतु अफू नव्हे. ती गव्हाच्या शेतात आपोआप उगवते व तिच्यापासून अफू निघत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तणच. तिचे बी जमिनीत कित्येक वर्षे निजून राहते व माती उलथली की उगवते. खंदक खणून आणि तोफगोळ्यांनी तेथील जमीन अशी उलथली गेली की जिकडे तिकडे हे तण माजले. हे कोणी पेरले नव्हते.

मायकलबाईंनी ती कविता पूर्वीही वाचली होती, परंतु त्या दिवशी ती त्यांच्या अंतःकरणात शिरली. वापरलेल्या एका पाकिटाच्या मागच्या बाजूस त्यांनी उत्तरादाखल काही ओळी लिहिल्या, आणि आपण यापुढे सदैव तांबडी पॉपी लावू असा निश्चय केला. इतक्यात तेथे जमलेल्यांपैकी तिघे गृहस्थ आले. कचेरी फुलांनी साजरी ठेवल्याबद्दल त्यांनी बाईंस दहा डॉलर भेट दिले. त्या पैशाने बाई दुकानोदुकान हिंडल्या व वॉनामेकर नावाच्या मोठ्या दुकानात त्यांस रेशमी पॉपी मिळाल्या. एक मोठी व चोवीस लहान. मोठी मेजावर ठेवली, एक स्वतःच्या कोटास लावली, बाकीच्या मागणाऱ्यांस वाटून दिल्या. एवढीच ती सुरुवात.

पुढे सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. बाईंनी प्रथम पॉपीबरोबर मशाल जोडून एक बोधचिन्ह करविले. ते लोकांस रुचले नाही व तो खटाटोप वाया गेला. १९१९ साली त्या अथेन्सला परतल्या आणि जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्या वर्गास शिकवू लागल्या. माझ्या मते त्यांच्या जीवनातील खरा टप्पा तो. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या डोळ्यांपुढे मेलेले होते. अथेन्समध्ये त्यांच्यापुढे बाकावर जिवंत माणसे बसली होती. कोणाचा पाय गेलेला, कोणाचे फुप्फुस विषारी वायूने जळलेले, व पोटापाण्याची सोय नाही. फूल नुसते लावून उपयोग नाही, ते विकून ह्या माणसांस भाकरी मिळाली पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आले. ऑगस्ट १९२० मध्ये जॉर्जियाच्या माजी सैनिकांच्या संघाने व सप्टेंबरात सबंध अमेरिकन लीजनने पॉपी हे आपले स्मरणचिन्ह ठरविले. दुसऱ्याच वर्षी त्या मंडळींचे मन फिरले व त्यांनी डेझी नावाचे पांढरे फूल पसंत केले. १९२२ मध्ये पुन्हा पॉपी आली. सभांचे ठराव कसे असतात हे आपल्या मंडळीच्या पंचांस सांगावयास नको.

समुद्रापलीकडे फूल नेण्याचे श्रेय मात्र दुसऱ्या एका बाईचे आहे. मादाम आना गेराँ ह्या फ्रेंच बाईने, युद्धात उजाड झालेल्या भागातील बायकामुलांकडून कापडी पॉपी करवून घेतल्या व त्या विकण्याची योजना १९२१ साली इंग्लंडात नेली. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला ब्रिटिश लीजनने नव्वद लक्ष पॉपी विकल्या व १,०६,००० पौंड जमले. १९२२ मध्ये मेजर हाउसन ह्यांनी लंडनमध्ये पाच अपंग सैनिकांस घेऊन पॉपी करण्याचा कारखाना घातला. एका हाताने काम करता येईल अशा बेताने ते फूल घडविलेले होते.

येथे आपल्या उपदेशक बंधूंसाठी एक गोष्ट सांगतो. मृतांस फुले वाहणे, तसबिरीस हार घालणे, ह्या रीतीतून आपल्यातील पुष्कळ कुटुंबे बाहेर आली आहेत, म्हणून अशा फुलाविषयी त्यांस शंका येणे साहजिक आहे. परंतु ही पॉपी मेलेल्यास वाहिली जात नाही. जिवंत माणूस ती जिवंत माणसाच्या मदतीसाठी पैसा देऊन घेतो व स्वतःच्या अंगावर लावतो. शंका घ्यावयाची तर ती पैसा कोणाकडे जातो ह्याविषयी घ्यावी, आणि लोकांनी ती घेतलीच.

इंग्लंडातच प्रथम घेतली. ज्यांचे नवरे व मुलगे पडले होते अशा कित्येक स्त्रियांस वाटू लागले की ह्या समारंभात कवायत व बिगूल फार, आणि पुन्हा युद्ध नको ही गोष्ट कोणी उच्चारीत नाही. १९३३ साली विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड ह्या स्त्रियांच्या संघाने पांढरी पॉपी काढली. त्यावरून मोठे रण माजले. ती लावणाऱ्यांवर कृतघ्नपणाचा आरोप झाला.

हिंदुस्थानात तांबडी पॉपी सरकारच्या हातून आली. स्वातंत्र्यापूर्वी ११ नोव्हेंबरला कागदी पॉपी देऊन वर्गणी घेत. ती रक्कम ब्रिटिश माजी सैनिकांच्या कामी जाई. तिच्यातून हिंदी सैनिकांसाठी काही द्यावे की नाही, हे त्या संस्थेच्या मर्जीवर असे. आता आमचे किती जण पडले होते ते पाहा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे गेली व चौऱ्याहत्तर हजारांवर परत आली नाहीत. पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स पलटणीच्या दोन कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्सात नव शापेल येथे लढून जवळजवळ कापल्या गेल्या. मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या, कुत येथे वेढ्यात सापडल्या, व एप्रिल १९१६ मध्ये तेथील सैन्य उपासमारीने शरण गेल्यावर कैदेत खितपत पडल्या. फ्लँडर्सच्या कवितेत ह्या लोकांस जागा नव्हती. १९१९ च्या एप्रिलात अमृतसरास जालियनवाला बाग झाली. आमच्याच जिल्ह्यात जुलै १९३० मध्ये लोकनायक अणे ह्यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. अशा काळात ११ नोव्हेंबरचे फूल लोकांस सरकारचे फूल वाटले तर त्यात नवल काय? ख्रिस्ती माणसास तर ते लावताना दोनदा विचार करावा लागला असेल, कारण आधीच त्यास साहेबांचा माणूस म्हणणारे कमी नव्हते. सिलोनात तर १९३१ पासून पॉपीच्याच दिवशी सूरिया झाडाची पिवळी फुले विकून तो पैसा तेथील लोकांच्या कामी लावण्याची चळवळ निघाली.

ह्या वादांत मायकलबाईंचा हात नव्हता. त्या अथेन्समध्येच राहिल्या, १९३८ च्या सुमारास शिकविण्याच्या कामातून निवृत्त झाल्या, व १९४१ साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. तोपर्यंत दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. ज्या युद्धाच्या स्मरणासाठी फूल लावले त्यानंतर पुन्हा युद्ध होणार नाही अशी पुष्कळांची समजूत होती. त्यांनी शिकविलेल्या अपंग शिपायांचे मुलगे आता लढावयास निघाले. १० मे १९४४ रोजी, युद्ध चालू असतानाच, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाई निवर्तल्या. जॉर्जियातील मन्रो गावी, आपल्या जन्मखेड्यापासून थोड्या अंतरावर, त्यांस मूठमाती दिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांचे चित्र असलेले तीन सेंटचे टपाल तिकीट काढले.

त्याच सुमारास आपल्या देशात पॉपी मागे पडली. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरविले की दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळावा. तांबडा, गडद निळा व फिकट निळा, असे तीन रंगांचे छोटे कागदी निशाण छातीस लावून आपली शाळकरी मुले त्या दिवशी वर्गणी गोळा करतात, व तो पैसा माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांकडे जातो. फूल गेले, टाचणी राहिली. मायकलबाईंनी अथेन्सच्या वर्गात जे मनात आणले त्याच जातीचे हे काम आहे, आणि ह्या वेळी पैसा कोणाकडे जातो हे विचारण्याचे कारण उरले नाही.

पॉपीविषयीची मते त्यानंतरही बदलतच राहिली. नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडचे मुख्य प्रधान कॅमेरन चीनमध्ये गेले तेव्हा चिनी अधिकाऱ्यांनी त्यांस कोटावरील पॉपी काढण्यास सांगितले. चिनी लोकांस त्या फुलात फ्लँडर्स दिसत नव्हते, अफूची युद्धे दिसत होती. ती अफू आपल्या बंगाल, बिहार व माळव्यात पिकून कलकत्ता व मुंबई बंदरांतून तिकडे गेली होती. कॅमेरन ह्यांनी फूल काढले नाही. आयर्लंडकडील डेरी गावचे फुटबॉल खेळाडू जेम्स मॅक्लीन ह्यांनी २०१२ पासून अंगरख्यावर पॉपी लावण्याचे नाकारले, कारण १९७२ साली त्यांच्या गावात ब्रिटिश शिपायांच्या गोळ्यांनी निःशस्त्र माणसे मेली होती. त्यांस प्रेक्षकांकडून वर्षानुवर्षे शिव्या खाव्या लागल्या. जे फूल एका बाईने मागणाऱ्यांस आपखुशीने वाटले, ते न लावल्याबद्दल माणसास दंड व्हावा, हे मला तरी विचित्र वाटते.

२०१८ साली महायुद्ध संपून शंभर वर्षे झाली. त्या वर्षी ब्रिटिश लीजनने अविभक्त हिंदुस्थानच्या सैनिकांच्या स्मरणार्थ निराळी पॉपी काढली. ती कागदाची किंवा रेशमाची नव्हती. ती खादीची, म्हणजे कापसाच्या हातसुताची होती. इंग्लंडच्या मुख्य प्रधान थेरेसा मे ह्यांनीही ती लावली.