तुकोबा आणि ती लाज



आजच्या वाचनात गाथेतला तो अभंग आला, ज्यात तुकोबा संतांनी विचारलं म्हणून स्वतःची हकीकत सांगतात.

देहूचं खाऊनपिऊन सुखी घर. दुकान, सावकारी, पिढीजात विठोबाचं देऊळ. आधी आईवडील गेले, कनकाई आणि बोल्होबा. वहिनी वारली आणि थोरला भाऊ सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला. मग 1630 च्या सुमाराचा दख्खनचा दुष्काळ. दिवाळं निघालं, पत गेली. थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. जन्म 1608 चा धरला तर तुकोबांचं वय तेव्हा फक्त 22.

मला या अभंगात दुःखापेक्षा जास्त लागते ती लाज. जिवाची लाज वाटत होती, असं ते सरळ सांगून टाकतात. याला डिप्रेशन म्हणायचं का, हे मी कोण ठरवणार? पण स्टँडअपला कॅमेरा बंद ठेवून ‘नेटवर्क इश्यू’ म्हणणाऱ्यांना ही लाज नक्की कळेल. आपलंच काहीतरी चुकलंय, बाकी सगळ्यांचं मस्त चाललंय, असं वाटतं ना, तीच.

खरं तर त्या वर्षी दख्खनमध्ये घरोघरी माणसं गेली होती. आणि आज? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की दर 20 प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येऊन गेलेलं असतं. म्हणजे ऑफिसच्या एका बसमध्ये दोघं तरी. (डॉक्टरकडे जायचं असेल तर जाच. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416, फोन फुकट आहे.)

तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर एकटे जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथे पोचला. परत आल्यावर आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, मोडकळीला आलेलं देऊळ दुरुस्त केलं. एकादशीच्या कीर्तनात ते मागे उभे राहून ध्रुपद धरू लागले. स्वतःचं काही सुचत नव्हतं, म्हणून आधीच्या संतांची वचनं पाठ केली. त्यात नामदेव होते, विठोबासाठी अक्षरशः तळमळणारे! इतक्या मोठ्या भक्तालाही असं होतं, हे तुकोबांना तिथे पानोपानी दिसलं असणार.

पुढे त्यांचेच अभंग कोल्हापुरात एका मुलीच्या कानावर पडले. जीव लावलेलं वासरू गेलं, तेव्हा ती दिवसेंदिवस शुद्ध हरपून पडली होती. तीच संत बहिणाबाई. नंतर ती नवऱ्यासोबत देहूला आली आणि तुकोबांच्या कीर्तनाला बसू लागली.